खुंट्यावरचा दुसरा हात

मुलगा पुढच्या शिक्षणासाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्या टेबलाच्या खणात गेमचा कंट्रोलर राहून गेला. जूनच्या एका दुपारी खण आवरताना तो हाताला लागला. काळा, वजनाला हलका, दोन्ही तळहातांत अलगद बसणारा. त्यावर अंगठ्यांसाठी दोन बुटक्या दांड्या असतात. मुलं त्यांना स्टिक म्हणतात. उजव्या स्टिकवरचं रबर अजून खरखरीत होतं. डावीवरचं पार गुळगुळीत झालेलं, आणि एका कडेला तर खालचं प्लास्टिक उघडं पडलेलं. डाव्या अंगठ्याने माणूस चालतो, उजव्याने त्याची नजर फिरते, असं त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हा मुलगा या दहा बाय दहाच्या खोलीत बसून चालत होता. किती चालला असेल, कोणत्या डोंगरांवरून, कुणाच्या सोबतीने, मला काहीच ठाऊक नव्हतं. जेवायला हाक मारली की “सेव्ह करून येतो” एवढंच त्या प्रवासातलं माझ्यापर्यंत पोचायचं.

मी त्या झिजलेल्या जागी अंगठा टेकवला. देवळाची पायरी मधोमध झिजते, पोथीच्या पानांचा खालचा कोपरा काळवंडतो, जुन्या पेटीची एखादी पट्टी इतरांपेक्षा खोल जाते. वस्तू कुठे झिजली आहे यावरून माणूस तिच्यापाशी काय मागत होता ते कळतं. मुळशीकडच्या आमच्या गावच्या घरात आजीचं जातं होतं. त्याचा लाकडी खुंटा मुठीच्या उंचीवर असाच बारीक झाला होता. दोन बायकांच्या मुठींनी, तीस-पस्तीस वर्षांत.

रात्री फोनवर मुलाला कंट्रोलर सापडल्याचं सांगितलं, तर तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “आई, टीव्हीखाली कन्सोल तसाच आहे. त्यात ‘ब्रदर्स’ नावाचा एक खेळ आहे. तीन-साडेतीन तासांचा. खेळशील?”

“मला येईल का रे?”

“येईल. सावकाश खेळ. आणि शेवट कुठे वाचू नकोस.”

‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ हा २०१३ सालचा, स्वीडनमधल्या स्टारब्रीझ स्टुडिओने केलेला खेळ. त्याचा दिग्दर्शक जोसेफ फारेस मूळचा लेबनॉनचा. तिथे यादवी पेटलेली असताना लहानपणीच तो घरच्यांबरोबर स्वीडनला आला, मोठा होऊन चित्रपट करू लागला आणि मग खेळाकडे वळला. गोष्ट आजीने सांगावी इतकी साधी आहे. समुद्राकाठचं एक गाव. दोन भाऊ. आई पाण्यात बुडून गेलेली. धाकट्याच्या डोळ्यांदेखत गेली, म्हणून तो पाण्याला भितो. आता वडील आजारी आहेत. दोघं त्यांना गाड्यावर घालून वैद्याकडे नेतात, आणि वैद्य सांगतो की फार दूर एक जीवनवृक्ष आहे, त्याचं पाणी आणा. दोघं निघतात.

त्यांची भाषा कोणत्याच देशाची नाही. ती या खेळापुरती रचलेली आहे आणि तिच्यातला एकही शब्द आपल्याला कळत नाही. पण हाक कळते, कुरकुर कळते, मोठ्याने धाकट्याला दटावलेलं कळतं. पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, निवेदक बोलत नाही. सगळं सांगणं त्या दोघांच्या चालण्याबोलण्यात आहे, आणि उरलेलं आपल्या दोन हातांत. कारण इथे डावी स्टिक म्हणजे मोठा भाऊ आणि उजवी स्टिक म्हणजे धाकटा. अंगठ्यांनी ते चालतात. तर्जनीखाली एकेक कळ आहे, ती दाबली की ज्याचा त्याचा हात काहीतरी करतो: धरतो, ओढतो, ढकलतो. एका कंट्रोलरवर दोन माणसं, एका माणसाच्या दोन हातांत दोन भाऊ.

पहिल्या संध्याकाळी माझे दोन्ही अंगठे एकाच दिशेला जायचे. पडद्यावर मोठा उजवीकडे गेला आणि धाकटा डावीकडे आला की हातांचा आणि डोळ्यांचा मेळ तुटायचा. तेव्हा मी मोठ्याला आपल्या डाव्या बाजूला ठेवायला शिकले, जसं रस्ता ओलांडताना आपण लहान मुलाला एका ठरावीक बाजूला घेतो. दुसऱ्या संध्याकाळी कधीतरी विचार करणं थांबलं. नदी आली की धाकटा मोठ्याच्या पाठीला बिलगतो. उजवी कळ घट्ट दाबून धरायची आणि डाव्या अंगठ्याने पोहायचं. पुढे एका उंच मनोऱ्यावर दोघं एकाच दोराने बांधलेले असतात. एकाने कपारीला धरून राहायचं, दुसऱ्याने झोका घ्यायचा, मग त्याने धरायचं आणि पहिल्याने झोका घ्यायचा. धर, सोड, धर, सोड. बाहेर पाऊस लागला होता. माझे दोन हात एकमेकांवर इतके विसंबून कधी राहिले होते, ते मला आठवेना.

मग मी ठरवून काही दिवस पुढे गेले नाही. वाचताना पुस्तक संपत आलं की शेवटची वीस पानं मागे ठेवायची माझी जुनी सवय आहे.

त्या मधल्या दिवसांत मला मुलाची एक संध्याकाळ आठवत राहिली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तो खोलीतून बाहेर आला, ताटावर बसला आणि जेवला नाही. खूप विचारल्यावर ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाचं सांगू लागला. रोगाने उजाड झालेल्या जगात जोएल नावाचा मुलगी गमावलेला बाप एली नावाच्या पोरक्या मुलीला घेऊन देशभर जातो. शेवटी कळतं की रोगावरचा इलाज तिच्या डोक्यात आहे, आणि तो काढायचा तर ती वाचणार नाही. जोएल तिला सोडवायला शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरतो. समोर डॉक्टर उभे आहेत. “मी थांबलो होतो आई,” तो म्हणाला, “बराच वेळ. मला त्यांना मारायचं नव्हतं. पण मारल्याशिवाय गोष्ट पुढेच जाईना.”

२०२३ मध्ये याच गोष्टीची एचबीओने मालिका केली, ती आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. तोच प्रसंग आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा मात्र शेजारी बसून आपल्या उजव्या हाताकडे पाहत होता. मी जोएलने काय केलं ते पाहिलं होतं. मुलाने ते केलं होतं. गोळी खोटी, डॉक्टर खोटे, तरी बोट खरं होतं, आणि त्या बोटाने थांबून पाहिलं होतं ही गोष्टही खरी होती. कादंबरीतल्या माणसाचा राग येतो, कीव येते, कधी त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं असा विचार मनात येतो. इथे त्या ‘तर’ला जागाच उरत नाही.

गोष्टीने ऐकणाऱ्याच्या हाताला काम द्यावं, हे आपल्याला नवं नाही. कीर्तनात बुवा मध्येच थांबतात आणि सगळा मांडव टाळी धरतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथी सांगतात. कागदावर रंगवलेली चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, त्यांचा गठ्ठा म्हणजे पोथी. एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्याच्या साथीने त्यातला प्रसंग गायचा. एक चित्र खाली ठेवून दुसरं उचलेपर्यंतचा जो रिकामा क्षण, त्यात ऐकणाऱ्याच्या मनात पुढचं चित्र आधीच उमटतं. हीच ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ खेळताना मला ओळखीचं काहीतरी दिसलं. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला राजी निघते, आणि तिची गोष्ट मधून मधून सावल्यांच्या बाहुल्यांनी पुढे जाते. त्या बाहुल्या हलू लागल्या की मी कंट्रोलर मांडीवर ठेवून ऐकायला बसायचे. मुलं अशा जागांना कटसीन म्हणतात. कटसीन संपला की हात आपोआप पुन्हा वर येतात, पोथी ऐकताना मांडी बदलून बसावं तसे.

पावसाळा पुढे सरकत होता आणि मुलगा दर आठवड्याला एखादं नाव सांगत होता. २००१ चा ‘इको’ त्याने मला नुसता सांगितला, मी खेळले नाही. फुमितो उएदा या जपानी कलाकाराचा तो खेळ. शिंगं असलेला एक मुलगा पडक्या किल्ल्यातून एका मुलीला बाहेर काढतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. एक कळ दाबून धरली की त्याने तिचा हात धरलेला असतो. बोट सैल पडलं की हात सुटतो. एवढंच. पण मला त्या रात्री झोपताना दशमीच्या जत्रेतली गर्दी आठवली, आणि माझ्या मनगटाभोवतीची आईची पाच बोटं. हात धरणं म्हणजे एकदा धरून संपणारं काम नसतं. ते क्षणाक्षणाला नव्याने करत राहावं लागतं, आणि आपण ते करतो आहोत हे कळतही नाही.

‘फ्लोरेन्स’ फोनवर, पुणे-मुंबई गाडीत खेळले. लोणावळा सोडलं तेव्हा सुरू केला, ठाण्याच्या आत संपला. फ्लोरेन्स नावाची मुलगी, चेलो वाजवणारा क्रिश, पहिली भेट. दोघांचं बोलणं म्हणजे कोड्याचे तुकडे. ते आपण जुळवायचे, तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी आणि मोठे होत जातात. बोलणं सोपं होतं, हे बोटाला कळतं. पुढे भांडण होतं आणि तुकड्यांना टोकं येतात. तो तिच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या वस्तूंना फळीवर जागा करून देताना मी तिच्या काही वस्तू खोक्यात घातल्या होत्या. शेवटी त्याच्या वस्तू उचलून खोक्यात भरायच्या आल्या. बोगद्यात रेंज गेली, अंधारात पडदा तेवढा उजळ होता, आणि माझ्या बोटाखाली त्याचं काहीतरी किरकोळ सामान होतं. ते मी लगेच उचललं नाही.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ची रात्र वेगळी. २०१७ चा हा खेळ म्हणजे एका घराण्यातल्या मृत्यूंची मालिका आहे, पण तिच्यात भीतीपेक्षा माया जास्त आहे. निवेदनाची अक्षरं हवेत, भिंतींवर, झाडांवर लिहिलेली असतात. एका मुलाच्या गोष्टीत तर त्याचा पतंग आभाळातल्या त्या अक्षरांवर आदळून त्यांना उधळून टाकतो. आणि लुईसची गोष्ट येते. तो मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला आहे. उजव्या हाताने मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडालं की पुढे सारायचा. पुन्हा मासा. डाव्या हाताने त्याच वेळी त्याच्या मनातल्या एका काल्पनिक राज्यात चालायचं. आधी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं असतं. हळूहळू पसरतं, रंग घेतं, मासे आणि पातं त्याच्यामागे दिसेनासे होतात. पण उजवा हात थांबलेला नसतो. तो आपला मासा उचलतो, कापतो, सारतो. आपण राज्य पाहण्यात गुंग झालेलो असतो, आणि एकाएकी जाणवतं की उजव्या हाताकडे आपण किती वेळ लक्षच दिलेलं नाही. शेवटी लुईस राज्याभिषेकासाठी मान झुकवतो. पातं कुठे आहे, ते उजव्या हाताला ठाऊक असतं.

पोळ्या लाटताना मन कुठे कुठे जाऊन येतं, हे कुठल्याही बाईला सांगायला नको. पण हात इथे आणि मन तिथे, या दोहोंमधलं अंतर कुणी असं माझ्या स्वतःच्या दोन हातांत आणून ठेवलं नव्हतं.

आणि एक खेळ असा की ज्यात हाताला काम आहे, पण कामाला फळ नाही. अमेरिकेतल्या रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याच्या मुलाला, जोएलला, वर्षाचा असताना मेंदूत गाठ निघाली. तो आजारी असतानाच त्यांनी त्याच्याविषयी खेळ करायला घेतला. २०१४ मध्ये पाच वर्षांचा होऊन तो गेला. २०१६ मध्ये ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ आला. त्यात रुग्णालयातली एक रात्र आहे. पोर रडतं आहे. त्याला रस पाजता येतो, कडेवर घेता येतं, झुलवता येतं. काही केलं तरी रडणं थांबत नाही. मी सगळं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आजवर प्रत्येक खेळाने मला शिकवलं होतं की नीट शोधलं की वाट सापडते. इथे बापाला जे कळलं होतं तेच त्याने माझ्या हातात ठेवलं होतं. खेळणाऱ्याचा हात आणि बापाचा हात, दोन्ही सारखेच रिकामे.

त्या रात्री मी आजीच्या जात्यापाशी गेले. म्हणजे मनाने.

आजी आणि तिची धाकटी जाऊ, जिला आम्ही काकीआजी म्हणायचो, पहाटे चिमणीच्या उजेडात समोरासमोर बसायच्या. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला. आमच्याकडे नाचणी. एका खुंट्यावर दोन मुठी, एकीवर एक. जात्याचा अर्धा फेरा एकीच्या ओढीचा, अर्धा दुसरीच्या. ओवीही तशीच, एकीने उचलायची, दुसरीने पुरी करायची. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण म्हणतो, पण ती नुसती म्हण नाही. मोठी झाल्यावर एकदा मी आजीला ओव्या सांग म्हणाले, वही घेऊन बसले. तिला एकही आठवेना. “हात रिकामा असला की गाणं येत न्हाई,” ती म्हणाली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, असं पुढे वाचलं, तेव्हा मला त्या ओव्यांबरोबर फिरलेल्या लाखो मुठी दिसल्या. गोष्ट तोंडात होती, पण तिचं घर मनगटात होतं.

काकीआजी गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. दिवसकार्य झालं आणि आजी पुन्हा पहाटे जात्यावर बसली. मी अंथरुणातून ऐकत होते. घरघर नेहमीसारखी नव्हती. प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी जातं अडखळायचं. आजीला एकटीने ओढायचं बळ नव्हतं असं नाही. पण त्या जागी आला की तिचा हात आपोआप सैल पडायचा. तिथून पुढचा फेरा तिचा नव्हता. इतक्या वर्षांत तिच्या मनगटाने तो कधी ओढलाच नव्हता.

श्रावणात मी ‘ब्रदर्स’ची मागे ठेवलेली पानं उघडली. मुलाने शेवट वाचू नकोस म्हणून बजावलं होतं. मी मात्र इथे तो सांगणार आहे, त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. मोठा भाऊ जीवनवृक्षाजवळ पोचतो तो जखमी होऊन. धाकटा एकटा झाडावर चढतो, पाणी घेऊन खाली येतो, आणि उशीर झालेला असतो. मग त्याला मोठ्याला पुरायचं असतं. कटसीन येत नाही. ओढत नेणं, माती लोटणं, सगळं आपणच करायचं. उजव्या हाताने. डावा अंगठा स्टिकवर होता. मी ती हलवून पाहिली. काही झालं नाही. पुन्हा हलवली. तो अंगठा तिथून उचलावा असंही वाटेना.

धाकटा गावाच्या किनाऱ्याला परततो. वादळ, पाऊस, वाटेत पाणी चढलेलं. पलीकडे वडील. तो काठापर्यंत जातो आणि थांबतो. मी उजवी स्टिक पुढे ढकलत राहिले, उजवी कळ दाबत राहिले. तो कचरतो, मागे सरतो. पडद्यावर सूचना नाही, बाण नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग माझ्या डाव्या तर्जनीने, मला न विचारता, आपली कळ दाबली. पाणी आलं की जो पोहायचा त्याची, मोठ्याची. मोठ्या भावाचा आवाज ऐकू आला, आणि धाकटा पाण्यात शिरला.

मी पोहत होते, दोन्ही हातांनी, आणि समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्या पहाटे मी अंथरुणातून उठून आजीच्या समोर, काकीआजीच्या जागी जाऊन बसले होते. खुंट्यावर, तिच्या मुठीवर, माझी मूठ ठेवली. माझ्या हाताला काय जोर असणार? जातं तीच ओढत होती, दोन्ही अर्धे फेरे. पण त्या जागी आलं की आता अडखळत नव्हतं. थोड्या वेळाने ती गुणगुणू लागली. ओवीचा पहिला भाग झाला की थांबायची. मला शब्द येत नव्हते. थांबायची, आणि मग पुढचा भाग आपणच म्हणायची, किंचित वेगळ्या आवाजात.

मुलाला फोन केला. “झाला?” त्याने विचारलं. “झाला,” मी म्हटलं. त्यानंतर आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि फोनही ठेवला नाही. त्याच्याकडे पाऊस नव्हता. माझ्याकडचा त्याला ऐकू येत असावा.

आता रात्री कधी कधी मी तो खेळ पहिल्यापासून लावते. फार पुढे जात नाही. वाटेत मध्ये मध्ये बाक आहेत. त्यांच्यावर बसून काही मिळत नाही, गोष्ट पुढे सरकत नाही. दोघांना शेजारी शेजारी बसवायचं, की समोरची दरी उलगडत जाते, लांबवर डोंगर, खाली पाणी. डाव्या बाजूला मोठा, उजव्या बाजूला धाकटा. झिजलेल्या रबरावर माझा अंगठा असतो. मी बोटं आहेत तिथेच ठेवते. उठायचं कधी, ते खेळ सांगत नाही.